नाण्यांच्या अर्जावरचा अंगठा
पोस्टात स्टॅम्प पॅड उघडलं की त्या जांभळ्या शाईच्या वासाने मला वाशीच्या घाऊक भाजीबाजाराचं गेट आठवतं. नाण्यांवरची चित्रं बदला, तिथे कष्टकऱ्यांचे चेहरे आणा, या मागणीसाठी मी तिथे कोबीचा पाला तुडवत, घसा ताणून सह्या गोळा करत होते. गेटशी एक आंधळे काका लिंबं विकायचे. मूळचे साताऱ्याकडचे, उमेदीत याच बाजारात पाठीवर गोणी वाहिलेले. "पोरी, नाण्यांचा अर्ज हाय व्हय?" त्यांनी विचारलं. "मग लिव, आता बदलू नका म्हनावं. मागं दोनाचं नाणं बदललं, तवा बोटांना कळंना. लोक रुपया टेकवून दोन दिले म्हनायचे." माझ्या पानावर शेवटची एकच ओळ रिकामी होती. मी म्हणाले, "काका, सरकारला नाण्यांबद्दलच लिहिलंय सगळं." हे खोटं नाही, असं मनाशी म्हणत मी त्यांचा अंगठा आधी पॅडवर आणि मग कागदावर दाबला. वर त्यांनीच मला दोन लिंबं दिली, "उन्हाची हिंडतीस" म्हणत. अर्ज देताना भाषणात मी ठणकावलं, की अंध कष्टकरीसुद्धा आमच्या बाजूने आहे, आणि टाळ्या घेतल्या. नाणी बदलावीत असं मला आजही वाटतं. पण त्या गेटवरून जावं लागलं तर मी तोंड उघडत नाही. काका आवाजावरून माणूस ओळखतात.