वहिनी, गाडीत बसा

आमचं युनिट तेव्हा उत्तरेच्या डोंगरात होतं. मी व्हेइकल मेकॅनिक, वामन ड्रायव्हर. दोघंही नाईक हुद्द्यावर, दोघंही रायपूरचे मराठी. मी बूढापाऱ्याचा, तो चौबे कॉलनीतला. रोज ०५४५ ला फर्स्ट परेड, म्हणजे गाडीची सकाळची तपासणी. काम माझं, पण खोट काढायला वामन हजर.

"काय करून राहिला बे? असं कसतेत का बोल्ट?"

मी भडकायचो. ड्रायव्हरनं मेकॅनिकला शिकवायचं म्हणजे काय! पण तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा, आणि मग मी आणखीच भडकायचो.

एका सकाळी ०९१० ला कॉन्व्हॉय थांबला. पुढे दरड कोसळली होती. आमची गाडी उतारावर. वामन उतरून चाकामागे दगड लावत होता, मी आत वायरलेसवर. तेवढ्यात दुसरी दरड आली.

"चार्ली थ्री, रिपोर्ट. ओव्हर."

"व्हेइकल सेफ. ड्रायव्हर मिसिंग. ओव्हर."

"से अगेन. ओव्हर."

मला ते तीनदा सांगावं लागलं. वामन १६४० ला सापडला. त्याबद्दल एवढंच सांगतो.

पुढे मी हवालदार होऊन निवृत्त झालो आणि रायपूरला परतलो. राज्य नवीन, राजधानी नवीन, आणि शहरभर रस्ते खोदलेले. वामनची जुनी एसयूव्ही अजून चौबे कॉलनीत उभी होती. सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, ती विकली नव्हती. दर वर्षी वामनच्या स्मृतिदिनी त्या स्वतः ती चालवत त्याच्या मूळ गावी जायच्या. तिथल्या शाळेत त्याचा फोटो आहे. त्याला हार घालायचा आणि परत यायचं.

त्या वर्षी गाडीतून आवाज येऊ लागला. समोरून, डावीकडून, खट-खट. दोन मेकॅनिकांनी शॉकअप बदलून पाहिले, आवाज तसाच. वामनची मुलगी रश्मी मला म्हणाली, "अंकल, आप ही मम्मी को समझाइए. रास्ते में कुछ हो गया तो? संडे तक ठीक नहीं हुई, तो गाड़ी बेच देंगे."

रविवारीच वामनचा दिवस होता. वहिनी पदरानं बॉनेट पुसत राहिल्या. ते मला पाहवलं नाही.

सोमवारी मी वहिनींना गाडी हळू चालवायला सांगितली आणि कान देऊन बाजूनं चाललो. मोठ्या खड्ड्यात गाडी गप्प, बारीक खळग्यांत खट-खट. म्हणजे दोष शॉकअपचा नाही. गाडी जॅकवर घेतली आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मखाली पहार घालून दाबली. आर्म खुळखुळला. त्याच्या बुशचं, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या नळीचं, रबर फाटलेलं होतं. नवे बुश टाकले, बोल्ट कसले, आवाज बंद. मी छाती फुगवून चहा प्यायलो.

शुक्रवारी वहिनींचा फोन. "भाऊजी, आवाज पुन्हा येऊन राहिला."

शनिवारी सकाळी बुश काढून पाहिले. पाच दिवसांत रबर चिरलेलं! मी दुकानदाराला यथेच्छ शिव्या दिल्या. वहिनी पायरीवर बसून पाहत होत्या.

"भाऊजी, बोल्ट कसताना गाडीत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. काहून?"

"ते तर मले बसवत होते. गाडी जॅकवरून खाली घेत, मले सीटवर बसवत, अन् मग खाली शिरून कसत. म्हणत, वजन पडू दे, नाही तर रबर पिळलेलंच राहते."

मी कपाळावर हात मारला. चाकं लटकत असताना मी बोल्ट कसले होते. गाडी खाली आली आणि रबराला पीळ पडला. दुकानदार बिचारा निर्दोष. आणि हे मला वामननंच शिकवलं होतं.

दुसरे बुश टाकले, गाडी जमिनीवर घेतली. "वहिनी, गाडीत बसा."

त्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या. मी खाली शिरून बोल्ट कसले. "झालं," म्हणालो. त्या उतरल्या नाहीत. मीही लगेच बाहेर आलो नाही.

रविवारी ०६०० ला निघालो. मी पुढे डावीकडे, रश्मी मागे. तेलीबांध्याच्या पुढे रस्ता सगळा खडीचा. एक खळगा, दुसरा, दहावा. गाडी गप्प.

"मम्मी, आवाज़ बंद हो गई," रश्मी म्हणाली.

"हव," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिकडे फौजेत कोण बसत होतं, भाऊजी? ते कसायचे तेव्हा?"

"मी. म्हणायचा, तू बस बे, तुझ्या पोटाचा काहीतरी उपयोग होऊ दे."

वहिनी हसल्या. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

"वहिनी, त्या दिवशी दगड लावायची पाळी माझी होती. मी उतरायलाही लागलो होतो. त्यानं मला मागं ढकललं. तू बस, म्हणाला."

वहिनींनी गिअर बदलला.

"त्यायची सवयच होती ती," त्या म्हणाल्या. "आपल्या माणसाले आत बसवायचं, अन् स्वतः खाली जायचं."

०८१५ ला शाळेत पोचलो. वहिनींनी पिशवीतून हार काढला आणि माझ्या हातात दिला.

"यंदा तुम्ही घाला, भाऊजी."