खालच्या बांधावरचा खेकडा

खेकडेताईंच्या उजव्या अंगठ्यावर नांगीचे पांढरे व्रण होते, आणि नव्या बांगड्या दाखवाव्यात तशा त्या ते दाखवत. पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा आमचे सर त्यांना म्हणाले होते, "मुलींनी फुलपाखरं घ्यावीत. खेकडे चावतात." ताई म्हणाल्या, "चावू देत की सर. चावताना ते मुलगा-मुलगी बघत नाहीत." टोपणनाव आम्ही पोरांनी मागून चिडवायला ठेवलं होतं. त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी ते स्वतःच कागदावर लिहून आपल्या टेबलाच्या खणावर चिकटवलं. चिडवण्यातली मजाच गेली.

खेकड्याची जात ठरवायची तर नराच्या पोटाखालची झडप उचलून आतल्या जननेंद्रियाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. साठच्या दशकात हे वाक्य बाईमाणसानं मोठ्यानं बोलायचं नसे. ताई बोलत, आणि कॅन्टीनमध्ये बोलत. समोरचा चहात बघायला लागला की म्हणत, "लाजतोस काय? खेकडा लाजत नाही."

त्या कर्जतच्या, भिसेगावातल्या एका मास्तरांची मुलगी. मी घाटावरचा, त्याच सरांचा विद्यार्थी, त्यांच्या मागून आलेला. श्रावण-भादव्यात खालापूरकडच्या भातखाचरांतून त्या साडी खोचून, वडिलांचे कॅनव्हासचे बूट घालून पुढे आणि बाटल्यांची पिशवी घेऊन मी मागे. खेकडे बांध पोखरतात म्हणून शेतकरी त्यांच्यावर वैतागलेलेच असत. एक म्हातारा बांधावर उभा राहून बघत होता.

"मास्तरांची पोर ना गं तू? कालवण करायचं सोडून बाटलीत काय कोंबतेस?"

"तपासायचेत, काका. दारूत ठेवले की टिकतात."

"आरं तिच्या! आमाला मिळत नाय, नि तू खेकड्याला पाजतेस व्हय गं?"

ताई चिखलात बसून हसल्या. मग त्यांनी बाटलीचं बूच काढून त्याला नुसता वास दिला. त्यानं तोंड वाकडं केलं. "ऱ्हाऊ दे. त्यालाच पाज."

जास्तीचे खेकडे भिसेगावात त्यांच्या आईकडे जात. माझं जेवण तिथंच व्हायचं. "खा रे," त्यांची आई वाढताना म्हणे, "आज हिच्या सगळ्यांच्या झडपा उचलून झाल्यात." त्या घरात मी परका नव्हतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सांगायचंय.

सरांनी तरुणपणी घाटमाथ्याच्या ओढ्यांतली एक जात शोधून तिचं नामकरण केलं होतं. विभागाच्या भिंतीवर तिचं चित्र होतं. खालच्या खाचरांतला खेकडाही तोच, असं सर मानत. ताईंचं म्हणणं, तो वेगळा. वरचा दगडाखाली वाहत्या पाण्यात राहतो, खालचा बांधात बीळ करतो. आणि मुख्य म्हणजे नराचं ते टोक वरच्याचं सरळ, खालच्याचं आकड्यासारखं वळलेलं. प्रबंधात त्यावर आख्खं प्रकरण होतं. सर म्हणाले, "ते प्रकरण काढ, मी सही करतो."

"सही तुमची आहे सर," ताई म्हणाल्या. "खेकडा तुमचा नाही."

समिती बसली. त्या काचपट्ट्या माझ्याही डोळ्यांखालून गेल्या होत्या, म्हणून मला आत बोलावलं. एकानं विचारलं, "तुम्हाला फरक दिसला?" टोक वळलेलं होतं. शेंबड्या पोराला दिसलं असतं. माझा प्रबंध सरांच्या टेबलावर होता आणि विभागात एक जागा रिकामी होणार होती. मी म्हणालो, "नीटसं सांगता येत नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाटल्या पिशवीत भरल्या. "प्रकरण राहील. पदवी राहू द्या," म्हणाल्या आणि गेल्या. ती जागा मला मिळाली.

त्या कर्जतला शाळेत शिकवू लागल्या. काही वर्षांनी मी धीर करून गेलो. वर्गात एनॅमलच्या ताटात खेकडा होता, मुली किंचाळत होत्या, आणि ताई एकीचा हात धरून तो मागून कसा उचलायचा ते दाखवत होत्या. वर्ग सुटल्यावर मी सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी मी..."

"इथं नको," त्या म्हणाल्या. "घरात बाटल्यांनी जागा उरली नाही, त्यात तुझं खोटं कुठं ठेवू? जिथं बोललास तिथं जाऊन बोल. आणि आलायस तर जेवून जा. आईला तुझी आठवण येते."

मी जेवलो. बोललो मात्र नाही. सर मोठे होत गेले, मी त्यांच्या मागोमाग. ताईंना कावीळ झाली आणि त्या गेल्या, तेव्हाही मी फक्त अंत्ययात्रेच्या टोकाला उभा होतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भाच्यानं सगळ्या बाटल्या विभागाच्या संग्रहाला दिल्या. संग्रह आता माझ्याकडे आहे. निवृत्त झालेले सर काठी टेकत आले. सगळे अध्यापक होते, विद्यार्थी होते. सर म्हणाले, "चांगलं झालं. आपल्या घाटमाथ्यावरच्या खेकड्याचंच नाव घाल यांवर."

"नाही सर. ही जात वेगळी आहे. समितीपुढे मी खोटं बोललो होतो."

सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "इतक्या वर्षांनी आठवलं?"

"विसरलो कधी होतो?"

"मी गेल्यावर करायचं होतंस."

"ताई गेल्यावर करतोय, हाच उशीर खूप झाला."

मी पहिल्या बाटलीची चिठ्ठी लिहायला घेतली. ठिकाण: खालापूर, भातखाचराचा बांध. गोळा करणाऱ्या म्हणून ताईंचं पूर्ण नाव. जात: नवी. सर वाकून वाचत होते. हळूच, जवळजवळ विनवणीनं म्हणाले, "अरे, निदान 'बहुधा नवी' तरी लिही."

मी दुसरी बाटली ओढली आणि तिच्यावरही तेच लिहिलं.