निघायची गडबड

सुरुवातीलाच सांगतो, मी क्वालिटीतला माणूस. परदेशात, सिटीवेस्टला राहतो, औषधांच्या एका प्लांटमध्ये काम करतो. रीडिंग जुळलं नाही तर मी सही करत नाही. भुताखेतांचे अनुभव या ग्रुपवर वाचतो ते करमणूक म्हणून. तरी हे लिहितोय, कारण हे एक रीडिंग माझ्याच घरातलं आहे आणि ते काही केल्या जुळत नाही.

२०२० चा नोव्हेंबर, लॉकडाऊन. आई वर्षाच्या सुरुवातीला आली ती इथेच अडकलेली. बाबा नाशिकला एकटे. विमानं अधूनमधून सुटत होती, पण मी रोज पेशंटचे आकडे बघून म्हणायचो, "थोडं थांबू." आईने विचारणंही सोडलं होतं. बाबांचा फोन झाला की नुसती ओट्याशी जाऊन उभी राहायची.

त्या दुपारी माझी मुलगी इरा, वय बारा, शाळेच्या प्रोजेक्टसाठी ऑनलाइन टूर बघत होती. अ‍ॅमस्टरडॅममधलं एक जुनं नाट्यगृह. नाझींनी ज्यू कुटुंबांना छळछावण्यांकडे पाठवण्याआधी तिथे कोंडून ठेवलं होतं. आता तिथे त्यांचं स्मारक आहे. गाईड मोबाईल घेऊन फिरत होती. प्रेक्षक बसायचे तिथे आता उघडं अंगण, भोवती विटांच्या भिंती. माणूस एकही नाही. इराच्या कानाला हेडफोन, मी शेजारी नुसता बघत बसलेलो. खोलीत आवाज म्हणाल तर शून्य.

तेवढ्यात आई किचनमधून लगबगीने आली. एका हातात दह्याचं भांडं, दुसऱ्यात चमचा.

"निघाले का सगळे? मी येईपर्यंत थांबवायचं नाही का रे?"

"कोण निघालंय, आई?"

"अरे, केवढी माणसं! सामान ओढतायत, पोरांना हाका मारतायत... हातावर दही घातल्याशिवाय सोडतात का कुणाला?"

इराने हेडफोन काढला. "आजी, नोबडीज गोइंग एनीव्हेअर. इट्स लॉकडाऊन, लाइक."

"तू गप गं. बोलत काय होते ते नाही कळलं मला. पण निघायची गडबड कळते."

मग तिचं लक्ष स्क्रीनवरच्या अंगणाकडे गेलं. इराने जमेल तसं समजावलं. आईने एवढंच विचारलं, "परत आले?"

"मोस्टली नो, आजी."

टूर संपेपर्यंत आई भांडं मांडीवर घेऊन बसून राहिली.

नंतर मी सगळं तपासलं. टीव्ही बंद, रेडिओ बंद, शेजारचं घर रिकामं. शाळेने पाठवलेलं रेकॉर्डिंग फुल व्हॉल्यूमवर ऐकलं — गाईडचा आवाज आणि तिच्या बुटांचा, बस. शिवाय आईला आमची डोअरबेलसुद्धा धड ऐकू येत नाही. भास म्हणावा, तर नेमका त्याच वेळी, नेमका हाच?

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, तिकीट काढू?"

"कधीचं काढायला हवं होतंस."

निघायच्या दिवशी दही मी घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच. तिने ते खाल्लं आणि दुसरा हात पुढे केला.

"त्यांचं त्या दिवशीचं राहिलंय. घाल."

एरवी मी वाद घातला असता. गुपचूप घातलं.

ते आवाज कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. आई पोचली तेव्हा बाबा गेटशीच खुर्ची टाकून बसले होते... सही करून सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.