गप्प राहण्याचं पाप

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात मी एका माणसाचं नुकसान करायचं ठरवलं होतं, आणि तेही एकही शब्द खोटा न बोलता. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे स्वतःला बरा माणूस ठरवायचा मोह होणार नाही. आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची महिन्यातून एकदा उपासना असते आणि तिथे कुणी ना कुणी साक्ष द्यायला उभं राहतं. मी कित्येक वर्षं टाळत आलो. चार माणसांसमोर उभा राहिलो की माझ्यातला दुकानदार जागा होतो आणि मालाची चांगली बाजू पुढे करतो. म्हणून ही साक्ष लिहून देतो आहे.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात माझं जुन्या फ्रिज, वॉशिंग मशीन आणि ड्रायरचं दुकान आहे. नगर जिल्ह्यातून आलो तेव्हा माझ्याजवळ आयटीआयचं प्रमाणपत्र आणि स्क्रू ड्रायव्हरचा एक संच, एवढंच होतं. लोकांनी टाकून दिलेली मशीनं उचलायची, दुरुस्त करायची, विकायची, असं करत दुकान उभं केलं. हे कुणाच्या मेहेरबानीने झालेलं नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. देवाच्याही नाही, असं तोंडाने म्हणत नसे एवढंच. घासाघिशीत माझा हात धरणारं या भागात कुणी नाही, आणि माझी युक्ती अगदी साधी आहे. किंमत सांगायची आणि गप्प बसायचं. मनात चारपर्यंत मोजायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही, तो काहीतरी बोलून बसतो आणि तिथेच हरतो.

आता शमूबद्दल. शमुवेल त्याचं नाव, पण सगळे शमूच म्हणतात. शिकायला इथे आलेला हा मुलगा शिक्षण संपल्यावर माझ्याकडे कामाला लागला. ड्रायरचा पट्टा कसा बसवायचा इथपासून मी त्याला सगळं शिकवलं. दोन वर्षांत त्याचा हात माझ्यापेक्षा हलका झाला. मग जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, एका सोमवारी, जेव्हा थंडीमुळे अख्ख्या गावाचे ड्रायर एकदम बिघडतात त्या आठवड्यात, पट्टा चुकीचा बसवला म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर त्याच्यावर ओरडलो. चूक त्याची नव्हती. त्याने हातमोजे काढून काउंटरवर ठेवले आणि निघून गेला. तेवढं मी गिळलं असतं. पण त्याच वर्षी नाताळच्या कार्यक्रमात त्याने माझी नक्कल केली. कानामागे स्क्रू ड्रायव्हर खोचून, पोट पुढे काढून म्हणाला, “लास्ट प्राइस? माझी लास्ट प्राइस माझ्या दफनाच्या दिवशी विचार!” सगळा हॉल हसला. माझी बायको तर डोळे पुसत हसली. नक्कल वाईट असती तर मी विसरलो असतो. ती हुबेहूब होती.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, “अहो, शमूच्या बायकोचा फोन आला होता, रूथचा. शमूला फ्रिज दुरुस्तीच्या मोठ्या कंपनीत नोकरी मिळतेय. चौकशीसाठी त्याने तुमचं नाव दिलंय. ते तुम्हाला फोन करणार.”

“माझं नाव? त्याला काही लाज?”

“मग कुणाचं देणार? हे काम त्याने या देशात फक्त तुमच्याकडेच केलंय. वर्षभर सुपरमार्केटात माल लावतोय बिचारा. त्याचा व्हिसा संपत आलाय, आणि रूथला पाचवा महिना चालू आहे.”

पण त्या क्षणी माझ्या मनात सगळी योजना तयार झाली. इथल्या कंपन्या फोनवर एक प्रश्न हमखास विचारतात: या माणसाला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का? बाकी सगळ्याची मी खरी उत्तरं देणार होतो. वेळेवर यायचा? हो. प्रामाणिक? हो. आणि त्या शेवटच्या प्रश्नावर गप्प राहून चारपर्यंत मोजणार होतो. मग म्हणणार होतो, “हो, घेईन.” तेवढी शांतता पुरली असती. पलीकडच्याने आपणहून नावावर काट मारली असती आणि मी देवासमोर हात झटकून मोकळा. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा मी लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेली आहे. तिच्यात गप्प राहण्याबद्दल काही नाही, असा माझा हिशेब.

बायकोने माझं तोंड वाचलं. सव्वीस वर्षं वाचते आहे. ती म्हणाली, “तुम्ही काय करणार ते मला कळलंय. प्रार्थना करा. धैर्य मागा.”

“धैर्य? मी आजवर कुणाला भ्यालोय?”

“चांगलं बोलायला भिता,” ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी मी गाडीतच बसून राहिलो. काचेवर दव गोठलं होतं, ते वितळेपर्यंत तसाही वेळ होता. पहिल्यांदा मी प्रभूशीही घासाघीसच केली. म्हणालो, हा एक फोन माझ्याकडे सोड, बदल्यात येत्या उपासनेत साक्ष देतो. मी गप्प बसलो आणि सवयीने मोजू लागलो. चार झाले, चाळीस झाले. तिकडून काहीच येईना. शेवटी मीच बोललो, म्हणजे माझ्याच नियमाप्रमाणे हरलो. म्हणालो, “प्रभू, त्याचं चांगलं व्हावं असं मला वाटत नाही. तसं वाटायला लावणं माझ्या हातात नाही. तुला जमत असेल तर तू बघ.” एवढी उद्धट प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती, पण तिच्यात खोटं काही नव्हतं. मनाला शांती वगैरे काही मिळाली नाही. मी उतरलो आणि कामाला लागलो.

फोन गुरुवारी अकराच्या सुमारास आला. मी एका ड्रायरच्या मागे वाकलो होतो, दोन्ही हात आत अडकलेले, उजव्या कानात बिनतारी इयरफोन. कंपनीचा माणूस नम्र होता. त्याचे प्रश्न सुरू झाले आणि मी ठरवल्याप्रमाणे खरी, छोटी उत्तरं देत गेलो. हात सोडवून उभा राहिलो तर माझ्या डाव्या बाजूला एक म्हाताऱ्या माओरी बाई उभ्या. डोक्यावर लोकरीची टोपी, आणि त्या थंडीतही पायांत रबरी चपला. त्यांचा हात एका वॉशिंग मशीनवर होता. “किया ओरा, डियर,” त्या माओरीत नमस्कार करत म्हणाल्या. मी मान हलवली. माझा इयरफोन त्यांच्या बाजूने दिसत नव्हता.

त्याच वेळी उजव्या कानात प्रश्न आला: संधी मिळाली तर तुम्ही त्याला परत घ्याल का?

मी मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

“मग?” डाव्या बाजूने बाई म्हणाल्या. “चांगलं आहे की नाही? खरं सांग हं. माझं वय झालंय, मला खेळ खेळायला वेळ नाही.”

त्या मशीनबद्दल विचारत होत्या, हे मला कळत होतं. तरी मी तीन म्हणू शकलो नाही. पुढचा आकडाच आठवेना. तोंड आपोआप उघडलं आणि माझ्या तोडक्या इंग्रजीत शब्द बाहेर पडले, “गुड. व्हेरी गुड. बेस्ट आय एव्हर हॅड. ऑनेस्ट. माय टेंपर, माय मिस्टेक. आय विल टेक बॅक टुमारो.”

उजव्या कानातला माणूस म्हणाला, असं स्पष्ट बोलणारं क्वचितच भेटतं, एवढंच हवं होतं, आभारी आहे. फोन बंद झाला. आणि डावीकडे बाईंनी मशीनवर प्रेमाने थाप मारली. “ऑनेस्ट वॉशिंग मशीन! आणि आवडलं नाही तर तू उद्या परतही घेणार? स्वीट ॲज! झकास! मग मला काय पाहिजे?” असं म्हणून त्या पर्स उघडू लागल्या.

आता खरी पंचाईत झाली. त्या मशीनचं बेअरिंग गेलेलं होतं. पिळायला लागलं की ते रेड्यासारखं हंबरत असे, म्हणून मी ते गिऱ्हाइकासमोर कधी पिळण्यापर्यंत नेतच नसे. शमूची साक्ष मी नकळत त्या मशीनला दिली होती आणि ते विकलंही गेलं होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं. या वेळी तर मोजायचीही गरज नव्हती. पण एकदा खरं बोललेलं तोंड पुन्हा मिटेना. मी मशीन सुरू करून पिळायला लावलं. ते असं हंबरलं की बाई दोन पावलं मागे सरल्या.

“हे चांगलं नाही,” मी म्हणालो. “मी एका माणसाबद्दल बोलत होतो.” आणि कान दाखवला.

बाई पोट धरून हसल्या. शेजारचं दुरुस्त केलेलं मशीन मी त्यांना त्याच किमतीत दिलं. त्यांनी भाव केला नाही, मीही केला नाही. जाताना म्हणाल्या, “दुकानदार म्हणून तू अगदीच वाईट आहेस, डियर. पण ज्याच्याबद्दल बोललास तो सुखी होईल.” मला आयुष्यात वाईट दुकानदार कुणी म्हटलं नव्हतं. राग यायला हवा होता. मी बराच वेळ एकटाच हसत बसलो.

शमूला नोकरी मिळाली. शनिवारी तो आणि रूथ दुकानात आले. त्याने गाडी नेमकी माल चढवायच्या जागेत लावली, म्हणून मी आधी त्याच्यावर ओरडलो. गाडी हलवून तो परत आला आणि उभा राहिला.

“काका, ते म्हणाले, तुम्ही म्हणालात की चूक तुमची होती. खरंच म्हणालात?”

पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडून निसटले होते, त्यात माझं काही नव्हतं. आता समोर तो होता, रूथ होती, आणि मला वळसा घालायला हजार वाटा होत्या. फोनवर आवाज नीट येत नव्हता म्हणता आलं असतं. मनातल्या मनात म्हणालो, प्रभू, पुन्हा एकदा. आणि म्हणालो, “हो. चूक माझी होती, शमू. तुझा पट्टा बरोबर बसला होता.”

त्याचे डोळे भरले. तो नकलेबद्दल माफी मागू लागला. मी म्हटलं, “नक्कल बरी होती रे. फक्त पोट जरा जास्त काढलंस.” रूथ म्हणाली, “नाही हो काका, पोट कमीच काढलं होतं.” आणि तिथे आम्हा तिघांत, बाळ धरलं तर चौघांत, पुन्हा एकदा माझं हसं झालं आणि मला ते लागलं नाही.

तो दिवस आठवला की मी देवाचे आभार मानतो. पापाशी झुंज द्यायला अंगात बळ यावं लागतं असं मला वाटायचं, आणि बळ तर माझ्याकडे भरपूर होतं. त्याचाच उपयोग मी पापासाठी करत होतो. प्रभूने मला आणखी बळ दिलं नाही. त्याने माझी हुशारी काही क्षण बाजूला ठेवली आणि खरं ते आपोआप वर आलं. अजूनही मी भडकतो, अजूनही भाव करतो. पण कुणाबद्दल चांगलं बोलायची वेळ आली आणि जीभ अडखळू लागली की मी घाईने बोलून टाकतो, माझी हुशारी जागी व्हायच्या आत.