मालकाच्या ओसरीवरचं बटण

बाळीवेशीजवळच्या एका बोळात विरुपाक्ष आणि त्याची बायको महानंदा भाड्याच्या खोलीत राहत होते. विरुपाक्ष मूळचा दुधनीचा. सोलापुरात एका चुलत्याकडे तो रेडिओ दुरुस्त करायला शिकला आणि लग्नानंतर खोलीतच खिडकीशी टेबल मांडून बसला. गिऱ्हाईक हळूहळू येऊ लागलं होतं.

अडचण होती विजेची. घरात मीटर एकच, तोही मालक ईश्वरप्पाच्या नावाचा. भाडेकरूच्या खोलीचं बटण मालकाच्या ओसरीवर. विजेचे पैसे आधी द्यायचे, मग ईश्वरप्पा बटण खाली करायचा. पैसे कधी संपले, ते तोच ठरवी. "लई जाळतोस तू," म्हणायचा आणि बटण वर.

एकदा केराबाई नावाच्या म्हातारीचा रेडिओ दुरुस्त झाला. ती समोर बसली होती. खरखर थांबून गाणाऱ्या बाईचा आवाज आला, म्हातारी हसली आणि तेवढ्यात रेडिओ गप्प झाला.

"बिघडला व्हय परत?"

"न्हाय आजी, वीज गेली."

"शेजारी तर दिवा हाय की."

दुसऱ्या दिवशी विरुपाक्ष वीज कचेरीत गेला. आपल्या नावानं वेगळा मीटर पाहिजे म्हणाला. तिथल्या बाबूनं सरळ सांगितलं, "मालकाची सही आणा, लगेच बघू."

संध्याकाळी तो ईश्वरप्पापुढं उभा राहिला.

"मालक, खर्च सगळा माझा. तुमी फक्त सही करा."

ईश्वरप्पा पान लावत होता. वर न बघता म्हणाला, "आज मीटर तुझ्या नावाचा, उद्या खोली तुझ्या नावाची. मला काय खुळा समजलास?"

"आईची शपथ घेतो, मालक. खोली मागणार न्हाय."

"शपथ कोर्टात चालत न्हाय."

विरुपाक्ष कचेरीत जाऊन आल्याचं ईश्वरप्पाला खटकलं होतं. त्या दिवसापासून आधी पैसे दिले तरी बटण खाली झालं नाही. घरात रॉकेलचा कंदील आला. विरुपाक्ष शेगडीत तांब्याची सळई तापवून तारांना कथलाचा डाख देऊन त्या जोडी. पण रेडिओ वाजतो का, ते बघणार कसं? "घरी लावून बघा," म्हणून तो गिऱ्हाइकाला देई. काही रेडिओ परत येत. मग माणसंच यायची थांबली.

मालकाची बायको पार्वतम्मा दुपारी नवरा निजला की गुपचूप बटण खाली करायची. विरुपाक्ष भराभर कामं उरकायचा. एके दुपारी ईश्वरप्पाला लवकर जाग आली. भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू आला, मग तिचं रडणं. महानंदा उठली.

"आपण जायचं का तिकडं?"

"जाऊन काय करणार? आपल्यामुळंच तिला बोलणी बसली," विरुपाक्ष म्हणाला. दोघं तशीच ऐकत बसली.

त्या आठवड्यात नवी पेठेतल्या एका रेडिओवाल्यानं त्याला पगारावर घेतलं. तो टेबल विकून आल्यावर महानंदानं विचारलं, "अहो, दुसरी खोली बघू या का?"

"तिथंबी मालक असणारच की," तो म्हणाला आणि सकाळी घालायचा सदरा घडी करून उशाखाली ठेवू लागला.