पानी कुठी गेलं?

आमची शाळा संग्रामपूरच्या बाजूला, दोन शिक्षकांची. वर्ग चार, खोल्या दोन आणि भिंतीवर एक टीव्ही, जो आवाज काढण्याआधी जरा रुसतो. मी आणि बाई, आम्ही दोघांनी या शाळेत बरीच वर्षं काढली. साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा बाईंनीच डोक्यात घेतलं की लेकरांसाठी धड्यांचे व्हिडिओ करायचे. मी कॅमेरामन. म्हणजे काय, तर बाकावर बाक चढवायचा, वर विटेला टेकवून माझा मोबाईल उभा करायचा आणि श्वास रोखून बाजूला थांबायचं. मी शिंकलो की बाईंना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं, आणि वर त्या मलाच चार शब्द ऐकवायच्या.

तिसरीचा पाण्याचा व्हिडिओ सगळ्यांत चांगला झाला. बाईंनी स्टीलच्या ताटलीत हापशीचं पाणी घेतलं आणि ओट्यावर उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत ताटली कोरडी, तळाला पांढरा थर. आमच्या भागातलं पाणी खारं, त्यामुळे हे दाखवायला बाहेरून काही आणावं लागलं नाही. मग बाई मोबाईलकडे बघून विचारतात, "पानी होतं नं इथी? मंग कुठी गेलं? सांगा मले." आणि गप्प बसतात. चांगल्या गप्प बसतात. मी हातानं खूण केली, विसरलात का? चित्रण संपल्यावर त्या माझ्यावर उखडल्या.

"सर, लेकरायले इचार कराले येळ लागते. आपन इचारतो अन् आपनच सांगून मोकये होतो."

गप्प बसून झालं की त्या मान डोलवून म्हणतात, "हाव, बरोबर. शाब्बास माय." आमच्याकडे लेकीलाही लाडानं माय म्हणतात. बाई तर वर्गात पोरांनाही म्हणायच्या.

तालुक्याला व्हिडिओ तपासणारी मंडळी बसली होती. त्यांना वाटलं मधे व्हिडिओ अडकतोय. त्यांनी मोबाईल दोनदा बंद करून चालू केला. अडकत नाही, बाई थांबल्या आहेत, हे मी समजावून सांगितलं, पण कुणाला पटलं नाही. वर "विद्यार्थ्यांना माय काय म्हणता?" असंही झालं. शेवटी आमच्याच ताटलीवर दुसऱ्या कुणाचा आवाज चढवून, शुद्ध भाषेत, मधली शांतता कापून तो व्हिडिओ आम्हाला परत मिळाला. माझं डोकं फिरलं. बाई मात्र हसल्या.

"असू द्या सर. आपल्या टीव्हीवर आपन आपलाच लावू."

त्यांना तो लावता आला नाही. शाळा उघडायच्या आतच, दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. मागे राहिले एसटीत कंडक्टर असलेले त्यांचे यजमान आणि जेमतेम बोलायला लागलेली लेक.

शाळा उघडल्यावर मी दरवर्षी बाईंचाच व्हिडिओ लावत आलो. त्या शांततेत तिसरीची पोरं छप्पर डोक्यावर घेतात. "सूर्यानं पेलं!" "हवेत गेलं!" एकानं तर म्हटलं, "बकरीनं पेलं!" बाई सगळ्यांनाच शाब्बास म्हणतात.

यंदा त्यांची लेक तिसरीत आली. पहिल्याच आठवड्यात तिचा बाप शाळेत आला आणि व्हरांड्यातच उभा राहिला.

"सर, तो पान्याचा व्हिडिओ यंदा लावजा नोको. तिले आईचा आवाज आठवत नाही. म्या मोबाईलमदलं बी कधी आयकू देल्लं नाही. सहन होनार नाही तिले."

मला राग आला. कुणाला सहन होणार नाही ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण बाप तो होता, मी नव्हतो. मी बरं म्हटलं.

धडा आला त्या दिवशी मी शुद्ध भाषेतला व्हिडिओ लावला. वर्ग जांभया देत बघत होता. संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर, आई केव्हा येते?"

मला काही कळेना.

"चौथीतल्या पोरी म्हनतात, तुही आई तिसरीत येते."

म्हणजे ही पोर पहिलीपासून तिसरीत जायची वाट बघत होती. मी तिला उगाच खडू आणायला पाठवलं.

संध्याकाळी बापाला फोन केला. तो गाडीवर होता, मागे खिडक्यांचा खडखडाट चालला होता. लेकीनं जे विचारलं ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्यानं कुणाला तरी तिकीट दिल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "उद्या रजा टाकतो. म्या आल्याबिगर लावजा नोको."

दुसऱ्या दिवशी तो दाराशी येऊन थांबला. आत ये म्हटलं तर येईना. मी व्हिडिओ लावला. ताटली, ऊन, पांढरा थर. लेक बाकाच्या कडेला सरकून बसली होती. "मंग कुठी गेलं? सांगा मले," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

नेहमी कालवा करणारा वर्ग चिडीचूप. गप्प राहा असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. दारातून बापाचा घोगरा आवाज आला, "अडकला का सर?"

"नाही," मी म्हटलं. "वाट पाहून राह्यल्या."

लेक उभी राहिली. हात मागे बांधून, पाहुण्यांसमोर कविता म्हणताना पोरं राहतात तशी.

"वर गेलं," ती हळूच म्हणाली.

"हाव, बरोबर," बाई म्हणाल्या. "शाब्बास माय."

ती दाराकडे वळली. रडत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "मले म्हनलं."