दोरीबाहेरचा हात

जपानात दर हिवाळ्यात दोघं विरुद्ध दोघं अशा जोडीनं खेळायच्या कुस्त्यांची स्पर्धा भरते. कितीतरी वर्षं चाललीय. मी फोनवर जुन्या सालापासनं एकेक बघत आलोय. पडद्यावर खाली काय लिहिलंय ते कळत नाही, पण मला मराठीसुद्धा अडखळतच वाचता येतं, तेव्हा जपान्यांवर राग नाही. गंमत म्हणजे, एका साली एकमेकांचा गळा धरणारे पुढच्या साली जोडीदार होऊन येतात.

आज एक जाड्या मार खाऊन पालथा पडला होता. त्याचा जोडीदार रिंगणाच्या कोपऱ्यात दोरीबाहेर उभा, हात आत लांब केलेला. मी ओरडलो, "अरे मर्दा, बघतोस काय, जा की आत!"

मग ध्यानात आलं. इतकी सालं बघूनही मी ढ तो ढच. हाताला हात लागल्याशिवाय बाहेरच्यानं आत यायचं नसतं. पडलेल्यानंच सरपटत जायचं असतं.

बायको दोन महिने झाले, कराडला भावाकडं आहे. भांडणात "जा" मीच म्हणलं होतं, आणि ती आपणहून येईल म्हणून रोज दाराकडं बघतोय.

फोन लावला.

"काय हो?" एवढंच म्हणून ती थांबली. चांगला वेळ थांबली.

मी म्हणलं, "लोणच्याची बरणी कुठं ठेवलीयस?"

"फळीवर. तुमच्या डोळ्यांसमोर." तिनं फोन ठेवला.

बरणी फळीवरच होती. दोन महिने त्यातलंच खातोय.